मनमोकळा यांचा चष्मा

या जगात कोणी काही टाकून देत नाही, माणसं फक्त विसरतात, असा ताईंचा ठाम विश्वास होता. शहर बससेवेच्या 'हरवले-सापडले' मुख्य कार्यालयाच्या त्या प्रमुख होत्या आणि त्या कार्यालयाच्या नियमांत 'टाकून दिलेली वस्तू' असा प्रकारच नव्हता. एका पायातला बूट असो, अर्धी कवळी असो की तारा तुटलेलं व्हायोलिन असो, बसमध्ये सापडलं की त्याला चिठ्ठी लागायची, फळीवर जागा मिळायची आणि मालकाची वाट बघणं सुरू व्हायचं. एकदा कोणीतरी पिशवीभर केळ्यांची सालं सीटवर ठेवून गेलं होतं. शिपाईकाका ती पिशवी कचऱ्यात टाकायला निघाले, तर ताईंनी त्यांना दारात अडवून विचारलं, "आणि मालक आला तर काय सांगाल?" मालक काही आला नाही. पुढे त्या पिशवीचं काय झालं ते विचारू नका, पण शेजारच्या तिकीट खिडकीने लेखी तक्रार केली होती एवढं खरं.

तर अशा बाईला एका गृहस्थाने एकही शब्द न बोलता सोडून दिलं. आता ताईंचं लग्न आजवर का राहिलं, हा विषय आपण नको काढायला. त्यावर त्यांच्या आईने इतकी वर्षं इतकं बोलून ठेवलंय की आपल्यासाठी काही शिल्लकच नाही. आपण सुरुवात करू ती वहिनीपासून. वहिनी म्हणजे ताईंच्या धाकट्या भावाची बायको. तिने ताईंच्या मोबाइलवर ओळखी जुळवणारं अ‍ॅप टाकलं आणि तिथे त्यांचं नाव ठेवलं 'झुळूक'. खरं नाव दोघांची नीट ओळख होईपर्यंत सांगायचं नसतं म्हणे. ताईंचा बांधा आणि कार्यालयातलं चालणं पाहता 'झुळूक' हे जरा धाडसच होतं. ताई म्हणाल्याही, "अगं, मला बघून माणूस खिडक्या लावून घेईल." पण नाव एकदा पडलं ते पडलं.

त्या अ‍ॅपवर झुळुकेला भेटले मनमोकळा. चांगला माणूस वाटला. संध्याकाळ झाली की विचारायचे, दिवस कसा गेला. गॅलरीतल्या कुंडीत लावलेल्या टोमॅटोच्या रोपाचे फोटो पाठवायचे. पहिला टोमॅटो लाल झाला त्या दिवशी ताईंनी कार्यालयात सगळ्यांना तो फोटो दाखवला, आणि शिपाईकाकांनी "कोणत्या बसमध्ये सापडला?" असं विचारल्यावर त्या चक्क लाजल्या. पुढे एका रविवारी बागेसमोरच्या कॉफीच्या दुकानात भेट झाली. मनमोकळा यांनी चष्मा लावून सगळं मेनूकार्ड मोठ्याने वाचून दाखवलं, प्रत्येक पदार्थावर आपलं मत दिलं आणि शेवटी साधी कॉफी मागवली. ताईंनी केळ्यांच्या सालांची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायची पाळी आली. "पुढच्या रविवारी इथेच," असं म्हणून ते उठले, समोर आलेली बस धावत जाऊन पकडली आणि गेले. चष्मा टेबलावरच राहिला.

ताई चष्मा घेऊन बाहेर धावल्या, तोवर बस वळणावर गेली होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बस वेळेवर सुटल्याचा राग आला. घरी येताच त्यांनी निरोप लिहिला की चष्मा सुखरूप आहे, काळजी नसावी. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढचा रविवार आला आणि गेला. ताई कॉफीच्या दुकानात बसून दोन कॉफ्या एकट्याच प्यायल्या, कारण समोरची खुर्ची रिकामी दिसली की वेटर सारखा येऊन विचारत होता.

वहिनीने समजावून सांगितलं. "ताई, हल्ली असंच असतं हो. नको असलं की लोक नाही म्हणत नाहीत, गायब होतात. याला घोस्टिंग म्हणतात."

"याला नावसुद्धा आहे?" ताई चकित झाल्या. "म्हणजे हे नेहमी होत असणार."

"रोज होतं. सोडून द्या आता."

पण सोडून देणं हे ताईंच्या नोकरीतच नव्हतं. त्यांच्या डोक्यात एक वेगळाच विचार आला आणि तो इतका पटण्यासारखा होता की त्या ताडकन उठून बसल्या. चष्मा आपल्याकडे आहे! बिचाऱ्याला निरोप वाचता येत नसणार! वाचायचा चष्मा नसलेला माणूस उत्तर देणार तरी कसा? ताईंनी लगेच बोलका निरोप पाठवला. आता इतकी वर्षं बसस्थानकावर काढल्यावर माणूस बोलणार तसंच. "कृपया लक्ष द्या. आपला चष्मा माझ्याकडे जमा आहे." त्यालाही उत्तर आलं नाही. मग ताईंनी असं ठरवलं की चष्म्याशिवाय त्यांना ते ऐकायचं बटण सापडत नसेल. माणसाला आशा धरायची असली की काय काय सुचतं बघा.

आईचं मत एकदम वेगळं होतं. "जिवंत माणूस दोन शब्द टाकल्याशिवाय राहतो का? काहीतरी बरंवाईट झालंय त्याचं." तेव्हापासून ती रोज सकाळी पेपरातलं निधनवार्तांचं पान उघडून चहाबरोबर ताईंच्या समोर धरू लागली. "हा तर नाही? बघ ना नीट. नाक तसंच वाटतंय." ताईंना सकाळी सकाळी अनोळखी स्वर्गवासी पुरुषांची नाकं तपासायला लागायची. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त हवालदारांनी तर जिन्यातच जबाब घेतला. शेवटचं केव्हा पाहिलं, अंगावर काय होतं, कोणाशी वैर होतं का.

"टोमॅटोवर कीड पडली होती, एवढंच माहीत आहे," ताई म्हणाल्या. हवालदारांनी मान डोलावली आणि "धागा आहे," असं म्हणाले.

गंमत सोडा, पण ताईंना खरोखर लागलं होतं. लग्न, संसार असलं काही त्यांनी मनात धरलं नव्हतं. एकच गोष्ट कळायला हवी होती, की हा माणूस आपल्याला विसरला की याने आपल्याला टाकून दिलं. विसरला असेल तर आठवण करून देता येते. टाकून दिलं असेल तर तेही ठीक, पण तसं कोणीतरी तोंडाने सांगायला नको का? फळीवरच्या वस्तूला निदान चिठ्ठी तरी असते. ताईंना वाटायचं, आपल्याला तीही नाही.

शेवटी त्यांनी सरळ मार्ग धरला. चष्मा कार्यालयात जमा करायचा, म्हणजे सगळ्या बसस्थानकांवर रीतसर घोषणा होईल आणि मालक आपोआप येईल. आपण कोणाच्या मागे लागलो असंही होणार नाही. पण शिपाईकाकांनी चष्मा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला.

"कोणत्या बसमध्ये सापडला?"

"कॉफीच्या दुकानात."

"मग नाही घेता येणार मॅडम. बसमध्ये सापडलेलीच वस्तू घ्यायची. तुम्हीच तर नियम केलाय."

नियम ताईंनीच केला होता हे खरं होतं, आणि स्वतः केलेल्या नियमाशी भांडायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तेव्हा ताईंनी ठरवलं की चष्मा बसमध्ये सापडायला हवा असेल तर तो आधी बसमध्ये हरवायला हवा. कार्यालय सुटल्यावर त्या बसमध्ये बसल्या, चष्मा हळूच सीटवर ठेवला आणि उतरून झपाझप चालू लागल्या. मागून एक कॉलेजातली मुलगी धावत आली. "काकू, काकू, तुमचा चष्मा!" ताईंनी आभार मानले आणि दुसऱ्या बसमध्ये बसल्या. तिथे एका आजोबांनी खिडकीतून हात बाहेर काढून इतका आरडाओरडा केला की ड्रायव्हरने बस थांबवली आणि सगळ्या उतारूंनी ताईंना डोळ्यांची काळजी घ्यायला सांगितली. शहरातले लोक एवढे प्रामाणिक आहेत, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत ताईंना कळलं नव्हतं. तिसऱ्या बसमध्ये त्यांनी चष्मा मागच्या सीटच्या फटीत पार आत कोंबला आणि चोरासारख्या उतरल्या.

ती बस मुक्कामाला गेली उत्तर डेपोत. तिथल्या हरवले-सापडले कार्यालयाचे साहेब म्हणजे, ज्यांना मागे टाकून ताईंना बढती मिळाली होती ते. आता झाली ना पंचाईत! साहेबांच्या हाती वस्तू लागली की ती त्यांच्या टेबलाच्या खणात बसते आणि घोषणा महिनोन्‌महिने होत नाही, हे सगळ्या बससेवेला माहीत होतं. ताई दुसऱ्याच दिवशी रजा काढून तिथे हजर झाल्या आणि साध्या नागरिकांच्या रांगेत उभ्या राहिल्या.

"चष्मा तुमचा?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता.

"माझा," ताई म्हणाल्या. इथे त्या चुकल्या.

"मग नियमाप्रमाणे घालून वाचून दाखवा."

चष्म्याची ओळख पटवायची ती तशीच. मागणाऱ्याने चष्मा घालायचा आणि खिडकीशी टांगलेला छापील नियमफलक वाचून दाखवायचा. ताईंनी चष्मा घातला मात्र, सगळी अक्षरं मुंग्यांसारखी पळायला लागली. पण फलकावरचे नियम ताईंना तोंडपाठ होते. त्यांनी घडाघडा म्हणायला सुरुवात केली. साहेब शांतपणे उठले, फलक काढून उलटा धरला आणि तसेच उभे राहिले. ताई त्या कोऱ्या पाठीवरून पुढचे सगळे नियम न अडखळता वाचत राहिल्या. रांगेतले लोक हसायला लागले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि काय झालं ते पाहिलं.

"वा!" साहेब म्हणाले. "मुख्य कार्यालयाची नजर फारच तेज आहे. आता खरं सांगा, चष्मा कोणाचा?"

"एका ओळखीच्यांचा."

"नाव?"

ताईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "मनमोकळा."

"आडनाव?"

"माहीत नाही."

"ओळखीचे आहेत आणि नाव माहीत नाही. बरं." साहेबांनी सगळं सावकाश लिहून घेतलं. एरवी त्यांनी घोषणेला उशीरच केला असता, पण ही घोषणा करायला ते इतके उतावीळ झाले की त्याच दुपारी सगळ्या बसस्थानकांवर भोंगे वाजू लागले. मनमोकळा या गृहस्थांचा चष्मा मुख्य कार्यालयात जमा आहे, त्यांनी ओळख पटवून घेऊन जावा. बस यायची, बस जायची, मध्ये मध्ये मनमोकळा. आईने भाजी आणायला जाताना ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं की आवाज फार स्पष्ट येतो हो.

साहेबांनी पाठवलेला चष्मा ताईंच्या खिडकीवर आला आणि त्याच्यामागून उमेदवार यायला लागले. एक कविता करणारे गृहस्थ आले. त्यांचं म्हणणं, माझ्याइतका मनमोकळा माणूस शहरात दुसरा नाही, तेव्हा चष्मा माझाच. दुसऱ्या एकाला नुसताच चष्मा हवा होता, नंबर कोणताही चालेल म्हणाला. आणि एक दिवस साक्षात हवालदार आले. तपासाचा भाग म्हणून त्यांनी चष्मा घातला आणि नियमफलक वरपासून खालपर्यंत खणखणीत वाचला. "ताई, काय स्वच्छ दिसतंय हो! तो माणूस सापडत नाही तोवर मी वापरतो ना." त्यांच्या नाकावरून चष्मा काढून घेताना शिपाईकाकांना त्यांचे खांदे धरावे लागले.

आणि शनिवारी सकाळी, खिडकीसमोर चांगली रांग असताना, मनमोकळा आले. खाली वाकून त्यांनी "चष्म्याबद्दल…" एवढं म्हटलं आणि मग त्यांची नजर वर गेली. त्यांचा चेहरा असा उतरला की ताईंना वाटलं, आता पाणीच मागणार. पळून जावं तर मागे एक आजीबाई काठी टेकून घट्ट उभ्या होत्या.

"तुम्ही इथे खिडकीवर? मला वाटलं, प्रमुख आत बसत असतील."

"मी इथेच असते. सांगितलं होतं मी," ताई म्हणाल्या. आवाज खिडकीचाच होता. "वस्तूचं वर्णन?"

"तपकिरी फ्रेम. डाव्या काडीवर दातांच्या खुणा. विचार करताना चावायची सवय आहे मला."

"बरोबर. आता नियमाप्रमाणे घालून वाचून दाखवा."

शिपाईकाका नियमफलक पुढे करणार, तेवढ्यात ताईंनी त्यांना हाताने थांबवलं. हे आधी ठरवलेलं नव्हतं. त्यांनी आपला मोबाइल उघडला आणि खिडकीतून पुढे सरकवला. "फलकावरची अक्षरं पुसट झालीत. हे वाचा. मोठ्याने."

मनमोकळा यांनी चष्मा घातला. मेनूकार्ड वाचणारा तोच आवाज. "तुमचा चष्मा टेबलावर राहिला. सुखरूप आहे, काळजी नसावी. तुमची, झुळूक."

"झुळूक?" शिपाईकाकांनी ताईंकडे पाहिलं.

"पुढे," ताई म्हणाल्या.

"चष्म्याशिवाय तुमची पंचाईत होत असेल. सांगाल तिथे आणून देते." त्यांनी बोटाने पडदा वर सरकवला. "तुमची तब्येत बरी आहे ना? आई रोज विचारते." मग त्यांनी शेवटचा निरोप वाचला. "तुम्हाला भेटून मला फार बरं वाटलं होतं. तुम्हाला तसं वाटलं नसेल तर खुशाल सांगा. मी रागावणार नाही."

आजीबाईंनी काठी आपटली. "मग? काय उत्तर दिलंत?"

"काही नाही."

"चष्मा नव्हता म्हणून ना?" ताईंनी विचारलं. खरं सांगायचं तर अजूनही त्यांना तीच आशा होती.

मनमोकळा यांनी मान खाली घातली. "घरी आणखी दोन चष्मे आहेत. सगळं वाचलं होतं मी. पण तुम्ही इतक्या चांगल्या आहात. चांगल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? उद्या कळवू, उद्या कळवू म्हणत राहिलो. मग इतके दिवस गेले की कळवायचीच लाज वाटायला लागली."

ताईंना वाईट वाटलं. का वाटू नये? पण त्याच्या मागोमाग एवढं हलकं वाटलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

"दोन अक्षरं आहेत हो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बघा."

"इथे?"

"म्हणा की साहेब, मागे रांग आहे," शिपाईकाका म्हणाले.

"नाही."

"ऐकू नाही आलं," आजीबाई म्हणाल्या.

"नाही!" मनमोकळा जवळजवळ ओरडलेच. मग त्यांनी ताईंकडे नीट पाहिलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "तुमच्याशी बोलायला आवडलं. पण पुढे भेटावं असं मला वाटत नाही."

"आभारी आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांना ते मनापासून म्हणायचं होतं. "चष्मा घ्या. इथे सही करा."

ते गेले. ताईंनी पुढच्या माणसाला त्याचा डबा इतक्या हसतमुखाने दिला की तो डबा उघडून बघायला लागला. एवढ्यात खिडकीवर काहीतरी घुं घुं करायला लागलं. सही करण्याच्या गडबडीत मनमोकळा आपला मोबाइल तिथेच ठेवून गेले होते. पडद्यावर नाव दिसत होतं 'पाकोळी', आणि खाली निरोप. "बरे आहात ना? काळजी वाटते हो." तो वाचून होतोय तोवर पाकोळीचा दुसरा आला. "निदान आहात एवढं तरी कळवा."

"बसमध्ये सापडला नाही," शिपाईकाका लगेच म्हणाले. "जमा करता येणार नाही."

मनमोकळा धापा टाकत परत आले तेव्हा मोबाइल ताईंच्या हातात होता. त्यांनी हात पुढे केला. ताईंनी मोबाइल मागे घेतला.

"आधी हिला उत्तर लिहा. इथेच. मग घेऊन जा."

"असा नियम आहे?"

"आत्ताच केला."

मनमोकळा यांनी रांगेकडे पाहिलं. रांगेतला एकही माणूस त्यांच्या बाजूने नव्हता. ताईंनी मोबाइल खिडकीवर ठेवला, आणि मुकाट्याने चष्मा लावून ते लिहायला लागले. कसं लिहू म्हणून विचारलं, तर आजीबाईंनी सांगितलं, "मी बरा आहे, उशिराबद्दल माफ करा, पुढे भेटणं व्हायचं नाही. लिहा आणि पाठवा. काडी चावू नका." त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. पाकोळी जणू मोबाइल हातात धरूनच बसली होती, तिचं उत्तर लगेच आलं. मनमोकळा यांनी भीत भीत वाचलं. "कळवलंत, फार बरं वाटलं. मी वेडी, हॉस्पिटलांत फोन करत होते. टोमॅटोंना जपा." त्यांच्या चेहऱ्यावर एवढं आश्चर्य पसरलं की ते बघून ताईंना हसू आलं.

"ही रागावलीच नाही!" ते म्हणाले.

"आम्ही रागावत नाही हो," ताई म्हणाल्या. "आम्ही नुसत्या वाट बघत बसतो."

मनमोकळा खिडकीला धरून पुढे वाकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अजून तिघी आहेत."

शिपाईकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, जेवणाची सुट्टी झाली."

"होऊ दे उशीर," ताई म्हणाल्या. "यांना आधी खुर्ची द्या."